शिकागोच्या नदीवरचे उघडणारे पूल वर्षातून मोजक्याच वेळा उघडतात, मग ते चालू ठेवण्यावर एवढा खर्च कशाला? कायमचे बंद करून टाकले तर काय बिघडेल?

‘मोजक्याच वेळा’ हे मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

पूर्व विदर्भातल्या एका मध्यम धरण प्रकल्पावर मी फिटर होतो. सांडव्याची वक्राकार दारं, त्यांचे वायररोप, गिअर, ब्रेक हे माझ्याकडे. शिकागोला कधी गेलो नाही, पण तिथल्या पुलांबद्दल मिळेल ते वाचतो, कारण यंत्र ओळखीचं आहे. आमचं दार ट्रुनियन पिनांवर, म्हणजे जाड आडव्या खुंट्यांवर फिरतं, तिथल्या पुलाचा पंखा, म्हणजे वर उचलला जाणारा रस्त्याचा भाग, तोही ट्रुनियनवरच फिरतो. तिथला पहिला असा पूल, कोर्टलँड स्ट्रीटचा, १९०२ सालचा.

पहिले तुमचं विचारलेलं. पूल उघडणं बंद करणं एकट्या शहराच्या हातात नाही. ती नदी जलमार्ग आहे आणि पूल कधी उघडायचा याचे नियम तिथलं कोस्ट गार्ड ठरवतं. उन्हाळ्याच्या तोंडावर शिडाच्या नावा यार्डांतून मिशिगन सरोवरात जातात, थंडीआधी परत येतात. डोलकाठ्या उंच, म्हणून त्या हंगामात ठरलेल्या बुधवारी-शनिवारी पूल एकामागून एक उघडतात. पूर्वी प्रत्येक पुलावर माणूस असायचा. आता मोजक्या टोळ्या एक पूल लावला की गाडीने पुढच्या पुलावर पळतात.

खर्चाचं म्हणाल तर उचलायला फार ताकद लागत नाही. जुन्या रेल्वे फाटकाच्या बुडाशी वजन असतं, तसंच पंख्याच्या मागच्या टोकाला प्रचंड वजन असतं. त्यामुळे मोटर तुलनेने लहान चालते. खरा खर्च आहे तो तोल राखण्याचा. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला, रंग चढला, की पुढची बाजू जड होते, मग मागच्या वजनात ठोकळे घालून तोल परत जुळवावा लागतो. ते वजन जमिनीखालच्या खड्ड्यात उतरतं, तिथलं पाणी पंपाने उपसावं लागतं. दात्यांना, बेअरिंगला ग्रीस. मधोमध दोन पंखे अडकवणारी कुलपं. ब्रेक. टोकाला पोचल्यावर मोटर आपोआप थांबवणारे लिमिट स्विच. यातलं एकही काम पूल किती वेळा उघडला यावर अवलंबून नाही. न उघडणाऱ्या पुलाला उलट जास्त जपावं लागतं, कारण ग्रीस एका जागी बसून वाळतं आणि गंज तिथूनच धरतो.

हे आमच्या साहेबांना पटत नव्हतं.

पाऊसकाळ दोन-तीन वर्षं कमजोर गेला होता. धरण भरतच नव्हतं, दारं उघडायची वेळ येत नव्हती. तेव्हा नवीन उपविभागीय अभियंता आले. पावसाळ्यापूर्वीची चाचणी आम्ही मे महिन्यात घ्यायचो. पाणी सांडव्याच्या माथ्याच्या खाली असतं, म्हणून दार पूर्ण उचललं तरी थेंब वाया जात नाही. साहेब म्हणाले, सहा इंच उचला, मोटर फिरते हे दिसलं की झालं, रजिस्टरला नोंद करा. डिझेल कशाला जाळता, रोजंदारीची माणसं कशाला लावता. वायररोपला लावायचं कार्डियम कंपाउंडही त्या वर्षी आलं नाही.

मी त्यांना सांगितलं, सहा इंचात फक्त मोटर कळते. रोप ड्रमच्या खाचेत नीट बसतोय का, दोन्ही बाजू सारख्या उचलताहेत का, रबर सील कुठे धरतंय का, वरचा लिमिट स्विच काम करतो का, हे सगळं दार वर गेल्यावरच कळतं. आमचे चौकीदारबुवा म्हातारे होते, जुन्या मालगुजारी तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते म्हणाले, “साहेब, दार वर्षभर गप बसलं का मंग ऐन टायमाले आयकत नाही जी.” साहेब हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, “जे दार उघडायचंच नाही, त्याच्यावर शासनाचा पैसा किती घालायचा?”

पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरच्या पाणलोटात रात्रभर पाऊस. येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, इतका वाढला की सगळी दारं उघडायचा आदेश आला. लाइन गेलेली, डीजी सेटवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर काम चाललेलं. कडेचं दार तीन-चार फूट उचललं आणि तिरपं झालं. एका बाजूचा रोप गंजून ताठ झाला होता, तो खाचेतून उडून शेजारच्या वेढ्यावर चढला. मी ब्रेक मारून दार तिथंच धरलं. अजून उचललं असतं तर ते चौकटीत रुतलं असतं किंवा रोप तुटला असता. मग बाकीची दारं जास्त उचलावी लागली. पाणी एका अंगाने सुटलं आणि त्या काठाची बांधी कापत गेलं. नुकतीच रोवणी झालेले धान त्यात गेले. माझ्या ओळखीच्या माणसांचे होते ते.

चौकशी झाली. अहवालात दोष रोपाच्या वयावर गेला. ग्रीस का आलं नाही, चाचणी सहा इंचांची कोणी केली, हे त्यात कुठेच नव्हतं. मी लेखी जबाब दिला होता, तो जोडलासुद्धा नाही. याचा राग मला आजही आहे आणि तो योग्य आहे असं मी मानतो.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा गोसीखुर्द धरणाची ३३ च्या ३३ दारं उघडावी लागली होती. अशा वेळी ‘हे दार सहसा लागत नाही’ असं म्हणता येत नाही.

शिकागोवाल्यांनाही दणका बसलेला आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये मिशिगन ॲव्हेन्यूच्या पुलाचं काम चालू होतं. एका पंख्याचा तोल ढळला, तो अचानक वर उडाला, त्यावरची क्रेन कोसळली, माणसं जखमी झाली. जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कचा थर्ड ॲव्हेन्यूचा पूल उन्हाने लोखंड फुगून उघडाच अडकला, पाण्याचे फवारे मारून थंड करावा लागला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून मी चाचणी पहाटे उजाडता उजाडता घ्यायचो. साहेबांच्या मते तोही नखरा होता.

आता थोडं दुसऱ्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. शिकागोतलेही सगळे पूल आता उघडत नाहीत. मी वर सांगितलेला कोर्टलँड स्ट्रीटचाच पूल कायमचा बसवून टाकलेला आहे. वरच्या अंगाला नावाच जात नसतील तर ते बरोबरच आहे. आपला रामेश्वरमजवळचा पांबनचा १९१४ सालचा समुद्रावरचा रेल्वे पूल खाऱ्या हवेने इतका खाल्ला की डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची रेल्वे थांबवावी लागली. तो माणसं हाताने लिव्हर फिरवून उघडायची. पण २०२५ मध्ये त्याच्या जागी जो नवा आला, तोही उचलताच येतो, कारण खालून बोटी जायच्याच आहेत. बंद करायचं असेल तर तसं जाहीर करा, परवानगी घ्या, पूल पक्का करा. कागदावर चालू ठेवायचा आणि ग्रीस बंद करायचं, हा सगळ्यात वाईट प्रकार.

तुम्ही शहरात असाल तर तुमच्या कामाचं एवढंच. पण गावात कोल्हापुरी बंधारा असेल आणि ग्रामपंचायतीत तुमचं कोणी ऐकत असेल, तर ऑक्टोबरात दारं बसवताना रबर सील बघा, पावसाळ्याआधी ती काढून मोजून कुलपात ठेवा, लोखंड चोरीला जातं. आणि कोणी अभियंता हे वाचत असेल तर मे महिन्यात स्वतः सांडव्यावर उभे राहा आणि दार पूर्ण वरपर्यंत उचलून दाखवायला सांगा. फिटर काय म्हणतो ते त्याच दिवशी रजिस्टरला लिहून खाली सही करा.