पाचच्या ठोक्याला लागणारी भूक खरी की सवयीची?

रत्नागिरीत ऑफिसात बसून काम, सकाळी ८ ला घावणे आणि चहा, दुपारी १ ला जेवण, तरी ११ ला आणि संध्याकाळी ५ ला पोट मागतंच, असं तुम्ही लिहिलंय. मला या दोन भुका वेगळ्या वाटतात.

५ ची बहुधा सवयीची. जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक स्रवतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधलं. रोजच्या खाण्याच्या वेळेआधी ते आपसूक वाढतं आणि काही खाल्लं नाही तरी थोड्या वेळाने उतरतं. वेळ टळली की भूक मरते, ती यामुळेच. पोटातल्या गुरगुरण्यावर तर अजिबात जाऊ नका. जठर रिकामं असताना साधारण दर दीड ते दोन तासांनी आतडी झाडून काढणारी लाट येते, तिचा तो आवाज. शिवाय पोट रिकामं झालं म्हणून शरीर रिकामं होत नाही. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, शिलकीत असतं, रात्रभराचा उपास बराचसा त्यावर निभतो.

पारख अशी करा. ५ ला आधी पेलाभर पाणी प्या. चहा नको, त्यातली साखर आणि कॅफीन दोन्ही परीक्षा बिघडवतात. मग मनाला विचारा, आत्ता समोर उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि लोणच्याची फोड ठेवली तर बसून खाईन का? हो असेल तर गरज आहे, खा. पेज नको पण खाजा किंवा फणसाचे तळलेले गरे चालतील, तर ती तलफ. नक्की कळत नसेल तर २०-३० मिनिटं थांबा. गरजेची भूक हळूहळू चढत जाते, कामातलं लक्ष उडतं, चिडचिड होते, आणि समोर येईल ते चालतं. सवयीची एकदम उसळते, बहुतेक वेळा शेजारचा टपरीवर जायला उठला की, आणि कामात गुंतलात की ओसरते. रविवारी घरी असताना ५ ला तीच भूक लागते का, हेही बघा. आदल्या रात्री झोप कमी झाली असेल तर मात्र त्या दिवसाचा निकाल धरू नका. जागरणाने घ्रेलिन वाढतं.

सवय मोडायची तर चहा बंद करायची गरज नाही. चहा ठेवा, सोबतचं खाणं दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं पुढे ढकला. एकदम तोडलंत तर रात्री ९ ला ताटावर तुटून पडाल.

११ ची भूक मात्र मी खरी धरेन. घावण्यात तांदळाचं पीठ आणि पाणी, प्रथिनं जेमतेम. बारीक दळलेल्या तांदळाचा स्टार्च लवकर पचतो. तेच घावणे वाटीभर काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर किंवा २ अंड्यांबरोबर खा. अंड्यांतून साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. आठवडाभरात ११ ची भूक गेली तर नाश्ताच कमी पडत होता. तरीही राहिली, तर तिलाही वरची पारख लावा.

भूक नाही म्हणजे गरज नाही, असंही समजू नका. मे महिन्यात कलमांवर आंबे काढणाऱ्यांची भूक उन्हाने आणि कष्टाने दबते. कोकम सरबतावर दुपार काढतात आणि संध्याकाळी गळून जातात. तिथे घड्याळ बघूनच जेवायचं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेणाऱ्यांनी थांबून बघण्याची ही परीक्षा करूच नये. भुकेबरोबर घाम, थरथर, धडधड जाणवली तर लगेच साखर मोजायची. ७० मिग्रॅ/डेलि च्या खाली असेल तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. यंत्र हाताशी नसेल तर न मोजताच साखर घ्यायची.