‘नूर मामा’ म्हणणारा चार वर्षांचा धाकटा

ताई, मी साताऱ्याची. पुण्यात जर्मन शिकले आणि ऑगस्टमध्ये ऑ पेअर, म्हणजे घरात राहून मुलं सांभाळणारी, म्हणून जर्मनीत फ्रायबुर्गजवळच्या एका कुटुंबात आले. घरात दोन मुलं आहेत, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा चारचा. दोन महिने झाले, तरी धाकटा मला जवळ येऊ देत नाही. किटातून, म्हणजे बालवाडीतून, आणायला गेले की ‘नूर मामा’ म्हणत फतकल मारून बसतो, बूट घालू देत नाही. थोरली माझ्या जर्मनला हसते. चॉकलेटं, घरून आणलेली चिक्की, सगळं देऊन झालं. आई फोनवर म्हणते, माया लाव, हाताने भरव, आपोआप येईल. रात्री रडू येतं. माझं काय चुकतंय?

*

अगं, आधी डोळे पूस. तुझं फार काही चुकत नाहीये. ‘नूर मामा’ म्हणजे ‘फक्त आईच’. आपल्याकडे मामा म्हटलं की लाड करणारा आईचा भाऊ डोळ्यांसमोर येतो, तिथे मामा म्हणजे खुद्द आई. त्या पोराला आई हवी आहे, एवढंच तो सांगतोय. तू नको आहेस, असं त्यात कुठेही नाही. किटात सकाळपासून तो शहाण्यासारखा वागलेला असतो. दार उघडतं, आई दिसेल असं वाटतं आणि दिसतेस तू. त्याचा हिरमोड होणारच. त्याला तो होऊ दे. ‘आज मामा हवी होती ना? ती संध्याकाळी येईल,’ एवढं म्हण आणि शेजारी बस.

चिक्की आणि चॉकलेटं मात्र आजपासून बंद. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला असेल सांगता येत नाही, म्हणून आईबाबांना विचारल्याशिवाय मुलाच्या हातात खाऊ ठेवायचाच नाही. शिवाय खाऊ देऊन मिळवलेलं मूल खाऊ संपला की परत जातं.

तुझ्या आईचं मन मी जाणते, पण भरवायचं तेवढं विसर. चार वर्षांचं जर्मन मूल स्वतःच्या हाताने ब्रेडवर चीज ठेवतं, सांडतं, पुसतं, आणि घरच्यांना त्याचं कौतुक असतं. पंचवीस वर्षांपूर्वी मीही अशाच एका घरात राहिले होते. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मुलीचा मी आपल्या पद्धतीने गालगुच्चा घेतला. तिने बाहीने गाल पुसला आणि आईला म्हणाली, ‘हिने आधी विचारायला हवं होतं.’ मी गोरीमोरी झाले. पण पोर बरोबर होती. आपल्याकडे मूल वाड्यातल्या सगळ्यांचं असतं, कुणीही कडेवर घ्यावं. तिथे मुलाचं अंग मुलाचं असतं. ‘मी बटण लावू का?’ असं विचारायचं आणि ‘नाइन’ आलं की हात मागे घ्यायचा. दहा वेळा त्याचं ‘नाही’ तू ऐकलंस, की अकराव्या वेळी तो स्वतःहून हात पुढे करतो. हे माझ्या अनुभवाचं आहे. आणि चिडून चापटीचा विचारसुद्धा मनात आणू नकोस. मुलांना हिंसेविना वाढण्याचा हक्क जर्मनीत २००० सालापासून कायद्यातच लिहिलेला आहे.

आता थोरलीकडे ये, कारण माझ्या मते घराची किल्ली तिच्याकडे आहे. ती हसते तेव्हा तोंड लपवू नकोस, तिलाच मास्तरीण कर. जर्मनमध्ये चमचा ‘देअर’ (तो), काटा ‘दी’ (ती) आणि सुरी ‘दास’ (ते). तिला सांग, की आमच्या मराठीतही तो, ती, ते अशी तीन लिंगं आहेत. आमचा चमचाही ‘तो’च आहे, पण काटा तुमच्याकडे ‘ती’ होतो आणि आमची सुरी तुमच्याकडे ‘ते’ होते! टेबल मांडताना एकेक वस्तू उचल आणि विचार, हिचं काय? तिने मराठीतलं ओळखायचं, तू जर्मनमधलं. आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाची चूक सुधारायला मिळणं यापरतं सुख नसतं. आठवडाभरात ती तुझी बाजू घेऊ लागेल, आणि धाकटी भावंडं थोरल्यांच्या मागून येतातच.

घरात ‘मेन्श एर्गेरे दिश निष्ट’चा पट असेलच. नावाचा अर्थ ‘चिडू नकोस रे बाबा’. तिथे तो शंभराहून जास्त वर्षं विकला जातोय, पण त्याचं मूळ आपल्या पचिशीत आहे, म्हणजे तुला तो शिकवावा लागणार नाही. मुद्दाम हरू नकोस, मुलांना ते लगेच कळतं.

आणि ११ नोव्हेंबर जवळ आलाय. त्या दिवशी सांक्ट मार्टिनचा, म्हणजे संत मार्टिनचा सण असतो; संध्याकाळी मुलं स्वतः केलेले कंदील काठीला टांगून गाणी म्हणत रस्त्याने जातात. तू दिवाळीत पतंगी कागद, खळ आणि कामट्या घेऊन आकाशकंदील केले असशील. आईबाबांना विचारून एक रविवार मागून घे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसर. बोलावू वगैरे नकोस कुणाला. एकटीच करत बस. खळीचा वास आणि कागदाचा आवाज आला की धाकटा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभा राहील. तेव्हा त्याला फक्त एक काम दे: कागद धरून ठेवायचं. फोटो काढलास तर मुलांचे चेहरे साताऱ्याच्या घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यांच्या आईची परवानगी घे. नुसता कंदिलाचा फोटो पाठव, आईला तोही आवडेल.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मला शंका येते. मुलांनी आपलंसं करावं म्हणून तू सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या मागे मागे करत असशील. ते थांबव. ऑ पेअरला आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम, दिवसाला सहा, आणि आठवड्यातून दीड दिवस मोकळा, असा तिथला नियम आहे. रात्री आईबाबा बाहेर गेले आणि तू मुलं सांभाळलीस तर तेही तासांत धरायचं. महिन्याचे २८० युरो हे पॉकेटमनी म्हणून आहेत, त्यात तुझा अख्खा दिवस विकत घेतलेला नाही. मुलांवर माया असणं आणि कामाचे तास मोजणं, दोन्ही एकाच वेळी चालतं. खोलीच्या दारावर लाल-हिरवा पुठ्ठा लाव. हिरवा असेल तर दार वाजवायचं, लाल असेल तर नाही. मुलांना असे नियम फार आवडतात, आणि हिरवा पुठ्ठा लागण्याची वाट बघत धाकटा दाराशी बसलेला दिसला तर मला जरूर कळव.

संध्याकाळी त्यांची आई आली की तू बाजूला हो. दिवसभरात काय झालं ते मुलांनाच सांगू दे. मूल तुझ्या जवळ येऊ लागलं की आईच्या पोटात कधीतरी कालवतं, कितीही समजूतदार असली तरी. ‘आज दुपारी तुमची आठवण काढत होता’ एवढं एक वाक्य तिला रोज दे. खरं असेल तेव्हाच.

वर्ष संपेल तेव्हाचंही आत्ताच सांगून ठेवते. जायच्या एक महिना आधी मुलांना कॅलेंडरवर तारीख दाखव, तिथे विमान काढायला सांग. रात्री ती झोपल्यावर निघून जाणं नको. ‘मी परत येईन’ असं तिकीट हातात असल्याशिवाय म्हणू नकोस. मात्र साताऱ्याहून दोघांना वेगवेगळं पोस्टकार्ड टाक, प्रत्येकाच्या नावाने. आपल्या नावाचं पत्र पेटीतून काढताना मुलं किती ताठ उभी राहतात, ते मी पाहिलंय.

उद्या किटात गेलीस की त्या बुटक्या बाकावर बस. पावसाळी पँट आणि बूट त्याच्यासमोर ठेव आणि थांब. डावा बूट उजव्या पायात गेला तर जाऊ दे. ट्राम चुकली तर पुढची येतेच.