महागडा रिव्ह्यू कोर्स न घेता एफएनपीची सर्टिफिकेशन परीक्षा पास होता येते का?

तुम्ही विचारलंय: न्यू जर्सीत आरएनची (रजिस्टर्ड नर्सची) नोकरी सांभाळून फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचा (एफएनपी, म्हणजे रुग्ण तपासून स्वतः उपचार ठरवणारी नर्स) कोर्स संपत आलाय, मुलं लहान आहेत, फीचं कर्ज डोक्यावर आहे. अशा वेळी सर्टिफिकेशनच्या तयारीवर किती खर्च करावा आणि कशावर करावा?

रिव्ह्यू कोर्स न घेता पास होता येतं. मी मिरजेत नर्सिंग शिकले, इथे ओहायोत आधी वॉर्डात काम केलं आणि आता एका फॅमिली क्लिनिकमध्ये एफएनपी आहे. माझं मत स्पष्ट आहे. या परीक्षेला लागणारी माहिती जवळजवळ सगळी फुकट मिळते, तिच्यावर पैसे घालू नका. पैसे सरावाच्या प्रश्नांवर घाला, आणि तेही शेवटच्या टप्प्यात.

आधी बोर्ड ठरवा. एफएनपीची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी दोन बोर्डं आहेत, एएनसीसी आणि एएएनपीसीबी. लायसन्सला आणि नोकरीला दोन्ही चालतात. एएएनपीसीबीच्या पेपरात १५० प्रश्न आणि ३ तास असतात. त्यातले १५ प्रश्न चाचणीपुरते असल्यामुळे त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. २०० ते ८०० या मापावर ५०० ला पास. या पेपरात जवळजवळ सगळं क्लिनिकल असतं. एएनसीसीला ५०० पैकी ३५० ला पास, पण तिथे संशोधन, धोरण, नीतिमत्ता यांवरही प्रश्न येतात आणि प्रश्नांचे प्रकारही वेगवेगळे असतात. वॉर्डात वर्षं घालवलेल्या बहुतेक जणींना मी एएएनपीसीबी सुचवते. पुढे शिकवायचा बेत असेल तर एएनसीसीचाही विचार करा.

फी सभासदत्वानुसार साधारण अडीचशे ते चारशे डॉलरच्या घरात जाते. एएनसीसीला एएनए या नर्सेसच्या संघटनेच्या सभासदांना सवलत आहे, एएएनपीसीबीला एएएनपी या नर्स प्रॅक्टिशनरांच्या संघटनेच्या सभासदांना. विद्यार्थी असताना सभासदत्व स्वस्तात मिळतं, म्हणून डिग्री हातात पडायच्या आत वर्गणी आणि सवलत यांचा हिशेब मांडून बघा.

त्यानंतर बोर्डाच्या साइटवरून कँडिडेट हँडबुक आणि परीक्षेचा आराखडा उतरवून घ्या. दोन्ही फुकट आहेत. कोणत्या भागाला किती वजन आहे ते त्यात दिलेलं असतं. पुष्कळ जणी तो न बघताच पहिल्या दिवसापासून हृदयरोग घेऊन बसतात, कारण वॉर्डात तेच बघितलेलं असतं, आणि लहान मुलांच्या वाढीचे टप्पे, त्वचेचे आजार, गरोदरपण हे सगळं शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

आता जुन्या पुस्तकांबद्दल, कारण बजेट म्हटलं की सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो. सीनियरकडून मिळालेलं पाच-सहा वर्षांपूर्वीचं रिव्ह्यूचं पुस्तक शरीरशास्त्र, तपासणी आणि आजाराची लक्षणं यांसाठी खुशाल वापरा. उपचार आणि स्क्रीनिंग (लक्षणं नसताना करायच्या तपासण्या) यांसाठी मात्र त्यावर विसंबू नका. गनोरिया या लैंगिक आजाराचंच बघा. जुन्या पुस्तकात सेफट्रायॅक्सोन २५० मिलिग्रॅम आणि जोडीला अझिथ्रोमायसिन असं सापडेल. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२१ च्या गाइडलाइनप्रमाणे वजन १५० किलोच्या आत असेल तर सेफट्रायॅक्सोन ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन, आणि क्लॅमिडियाची (दुसऱ्या एका लैंगिक संसर्गाची) शक्यता मिटलेली नसेल तर डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग पूर्वी ५० व्या वर्षी सुरू व्हायचं, २०२१ पासून ते ४५ वर आलं. स्तनाच्या कॅन्सरसाठी मॅमोग्राम २०२४ पासून ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी. जुन्या पुस्तकातून हे पाठ केलं तर बरोबर म्हणून पाठ केलेलं उत्तर चुकीचं ठरेल.

म्हणून उपचार थेट मूळ ठिकाणी वाचा. स्क्रीनिंगसाठी यूएसपीएसटीएफ या तज्ज्ञांच्या गटाचं फुकट अ‍ॅप आहे. लैंगिक आजारांसाठी सीडीसीची गाइडलाइन, सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजारासाठी गोल्ड (GOLD) या संस्थेचा अहवाल, दम्यासाठी जीना (GINA) या संस्थेचा. मधुमेहासाठी एडीए या अमेरिकी मधुमेह संघटनेचं स्टँडर्ड्स ऑफ केअर दर जानेवारीत नव्याने निघतं आणि त्याची प्रायमरी केअरसाठी केलेली छोटी आवृत्तीही असते. हे सगळं वाचायला एक डॉलर लागत नाही. सगळं पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. तक्ते आणि उपचारांचा क्रम वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घ्या. विद्यापीठाच्या लायब्ररीचं लॉगिन डिग्रीनंतर बहुधा बंद होतं, त्यामुळे तिथून लागणारं आधीच वाचून घ्या. सार्वजनिक लायब्ररीत पुस्तक नसेल तर दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतात. काउंटरवर विचारा.

भारतात शिकलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगते. डेंग्यू-टायफॉइड आपल्या अंगवळणी पडलेले असतात, पण लाइम हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार आपण कधी बघितलेला नसतो. तुम्ही तर न्यू जर्सीत आहात, तिथे तो खूप आढळतो. जंगलात फिरून आल्यावर काही दिवसांनी पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर रक्ताच्या तपासणीसाठी थांबायचं नाही, चट्ट्यावरूनच निदान करून उपचार सुरू करायचे. सुरुवातीला ती तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. टीबीच्या त्वचाचाचणीत भारतासारख्या देशातून गेल्या पाच वर्षांत आलेल्यांना १० मिलिमीटर पॉझिटिव्ह धरतात. बीसीजी घेतलेल्या व्यक्तीत रक्ताची आयजीआरए चाचणी अधिक योग्य. हे मुद्दे आपल्याला मुद्दाम पक्के करावे लागतात.

विचाराची सवयही बदलावी लागते. एनक्लेक्समध्ये (आरएनच्या लायसन्सच्या परीक्षेत) काही वेळा ‘प्रोव्हायडरला (उपचार ठरवणाऱ्याला) कळवा’ हे बरोबर उत्तर असायचं. इथे प्रोव्हायडर तुम्हीच आहात. सत्तरीच्या बाईंना कानशिलात नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखतो, ईएसआर (रक्तातली सूज दाखवणारी चाचणी) वाढलेला. जायंट सेल आर्टरायटिसचा (रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या आजाराचा) संशय असताना बायोप्सीच्या निकालाची वाट बघत बसायचं नाही, स्टेरॉइड लगेच सुरू करायचं, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. हा निर्णय घ्यायची सवय फक्त प्रश्न सोडवून लागते.

म्हणूनच पैसे प्रश्नसंचावर. महिन्याच्या वर्गणीचे संच मिळतात. वाचन बरंच झालं की एक महिना घ्या आणि त्या महिन्यात कसून वापरा. वर्षभराची वर्गणी घेऊन मध्ये महिनोन्‌महिने न उघडणं म्हणजे पैसे पाण्यात. उत्तर बरोबर आलं तरी खालचं स्पष्टीकरण वाचा, आणि उरलेले तीन पर्याय का चुकले ते स्वतःला सांगून बघा. एखाद्या दिवशी मुलं झोपल्यावर वीसच प्रश्न झाले तरी चालतील, पण नीट करा. शेवटी बोर्डाची स्वतःची सराव परीक्षा एकदा द्या, ती खऱ्या पेपराच्या सगळ्यात जवळची असते.

टेलिग्राम-फेसबुकवर ‘खऱ्या परीक्षेतले प्रश्न’ म्हणून काहीजण फाइली विकतात. त्या कितीही स्वस्त असल्या तरी घेऊ नका. परीक्षेतले प्रश्न बाहेर न सांगण्याच्या करारावर प्रत्येक उमेदवाराची सही असते, आणि यात सापडलात तर सर्टिफिकेट जाऊ शकतं. शिवाय त्यातली उत्तरं पुष्कळदा चुकीची असतात.

तारीख घाईने घेऊ नका. नापास होणं हाच यातला सगळ्यात मोठा खर्च आहे. एएएनपीसीबीला पुन्हा बसण्याआधी कमकुवत विषयांत १५ तासांचं शिक्षण पूर्ण करून दाखवावं लागतं, फी पुन्हा भरावी लागते, आणि एका कॅलेंडर वर्षात दोनदाच बसता येतं. ओळीने काही दिवस मिश्र प्रश्नांत सातत्याने चांगले गुण येऊ लागले की मगच तारीख पक्की करा.

आणि फी भरण्याआधी हॉस्पिटलच्या एचआरला ईमेल करून विचारा की सर्टिफिकेशनची फी परत मिळते का, आणि पावती कोणत्या नावाने लागते. काही ठिकाणी आधी मंजुरी घेतलेली नसेल तर नंतर पैसे देत नाहीत.