"मॅडम, तक्रार केली तर जास्त त्रास देतील"

सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच परत यायची. सातवीतला मुलगा दिवसभर शाळेत, आणि पोटात पाण्याचा घोट नाही. आईला वाटायचं, खेळण्याच्या नादात विसरत असेल. मग लघवीचं इन्फेक्शन झालं. थोड्याच दिवसांनी पुन्हा झालं, तेव्हा मुलांच्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, "शाळेत मुतारीत जात नाहीस का रे?" तो काही न बोलता रडायला लागला. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे माझा, म्हणजे समुपदेशकाचा, नंबर लिहून दिला.

ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहायला आईवडिलांनी परवानगी दिली, आणि त्यानेही.

बोलताना तो अडखळतो. वर्गात त्याचं नाव पडलं होतं 'बफरिंग'. हजेरीला 'प्रेझेंट'मधला 'प्र' अडकला की मागच्या बाकांवर दोन-तीन बोटं हवेत गोल फिरायची, मोबाइलवर व्हिडिओ अडकल्यावर चक्र फिरतं तशी. वर्ग हसायचा. मधल्या सुट्टीत हीच मुलं मुतारीचं दार बाहेरून धरून ठेवायची आणि म्हणायची, "न अडखळता 'प्लीज' म्हण, मग सोडतो." म्हणून त्याने पाणी पिणंच सोडलं होतं.

हे सगळं त्याने मला सांगितलं नाही. बोलणं हेच ज्याचं दुखणं, त्याला 'बोल' म्हणून उपयोग नसतो. मी त्याला कागद दिला आणि शाळेचा नकाशा काढायला सांगितलं. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा ठिपका, जिथे पोटात गोळा येतो तिथे लाल. जिना, सायकल स्टँड आणि मुतारीचा बोळ लालभडक झाला. हिरवा ठिपका एकच होता, वाचनालयाच्या खिडकीपाशी.

वडील पहिल्या भेटीत म्हणाले, "आम्हीपण शाळेत मार खाल्लाय मॅडम, त्याशिवाय माणूस घट्ट होत नाही." मी त्यांच्यासमोर नकाशा ठेवला. ते बराच वेळ त्या बोळाकडे बघत राहिले. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

आई मात्र तक्रारीला तयार नव्हती. "तक्रार केली तर अजून त्रास देतील. आता निदान नुसतं चिडवतात." वर्षभरात हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकते, की या एका काळजीसाठीच हे लिहायला बसले. 'घाबरू नका, काही होणार नाही' असं उत्तर मी देत नाही, कारण ते खरं नाही. या मुलाने एकदा तक्रार केली होती. वर्गशिक्षिकांनी दोघांना वर्गापुढे उभं केलं, विचारलं, "काय रे, चिडवतोस त्याला?", सॉरी म्हणायला लावलं आणि हात मिळवायला सांगितले. पाच मिनिटांत प्रकरण मिटलं. मधल्या सुट्टीत 'चुगलखोर' म्हणून त्याच्या कानाखाली बसली. म्हणजे आईची भीती अनुभवातून आलेली होती. पण त्याच्या कानाखाली बसली ती तक्रारीमुळे नव्हे, तक्रार ज्या रीतीने हाताळली गेली तिच्यामुळे. हा फरक मी तिला दोन भेटी समजावत होते.

आपल्याकडे या प्रकाराला धड शब्दही नाही. चिडवाचिडवी, मस्करी, खोड्या, फार तर दादागिरी. 'रॅगिंग' म्हटलं की कॉलेजचं हॉस्टेल डोळ्यांपुढे येतं. शब्द हलका असला की तक्रारही हलकी होते.

सरकारने काही केलेलंच नाही, असं मात्र नाही. शाळेत तक्रारपेटी असावी हा आदेश 2017 पासून आहे. 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत 'सखी सावित्री' समिती आली. नावामुळे ती फक्त मुलींसाठी आहे असं पुष्कळ पालकांना वाटतं, पण ती सगळ्याच विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघड झाली, त्यानंतर निघालेल्या निर्णयात सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि ही समिती यांवर पुन्हा भर दिला गेला. सीबीएसईने आपल्या शाळांना दादागिरी रोखण्यासाठी समिती नेमायला 2015 मध्येच सांगितलं. आणि महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा फक्त कॉलेजांपुरता नाही. शिकवण्याचं काम करणारी कुठलीही संस्था त्यात येते. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, असं त्यात आहे. खरं ठरलं तर निलंबन आणि पोलीस हेही त्याच कायद्यात आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाबाबतीत मी तिथपर्यंत धावत जात नाही. पण 'लेखी' आणि 'सात दिवस' या दोन गोष्टी पालकांनी पाठ कराव्यात.

"पेटी आहे हो आमच्या शाळेत," आई म्हणाली. "ऑफिसच्या दारात आहे. समोर शिपाई बसतो, वर कॅमेरा. कोण टाकेल त्यात?"

मला याचा मनापासून राग येतो. आदेशाप्रमाणे पेटी लागते, तपासणीच्या कागदावर बरोबरची खूण होते, आणि जिच्यात चिठ्ठी टाकताना सगळी शाळा बघते ती पेटी रिकामी निघाली की अहवालात 'तक्रार नाही' असं लिहिलं जातं.

आम्ही पेटीच्या नादी लागलो नाही. अर्ज लिहिला, एका पानाचा. त्यात 'खूप त्रास देतात' असं वाक्य कुठेही नव्हतं. तारीख, जागा, काय झालं, तेव्हा जवळ कोण मोठं माणूस होतं, एवढंच. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडली. आणि शाळेने काय करावं तेही मागितलं: दोघांना समोरासमोर उभं करू नये, मधल्या सुट्टीत मुतारीच्या बोळाशी एका शिक्षकाची ड्यूटी लावावी, तो थेट जाऊ शकेल असं एक मोठं माणूस ठरवून द्यावं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेट. शेवटची मागणी पालक हमखास विसरतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण तक्रारीचा सूड साधारण पहिल्या दोन आठवड्यांतच उगवला जातो.

मुख्याध्यापक म्हणाले, "लेखी कशाला? आपण घरच्यासारखं मिटवू." आई शांतपणे म्हणाली, "सर, मिटवायचंच आहे. फक्त याची पोच द्या." आवक क्रमांक पडलेली प्रत घेऊनच ती उठली. सरांच्या बाजूने एक सांगते: पोच दिल्यावर त्यांनी काम केलं. मोठं माणूस म्हणून वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंना नेमलं. हिरवा ठिपका तिथेच होता.

शाळेने पोच नाकारली असती तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, त्यापुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोग. मुलाला स्वतःला बोलायचं असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर तो कधीही फोन करू शकतो. मनावरचा ताण असह्य झाला असेल तर 14416 वर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. हे नंबर मी त्याला वहीच्या मागच्या पानावर त्याच्याच अक्षरात लिहायला लावले.

आईला ज्याची भीती होती ते पहिल्या आठवड्यात झालंच. सायकल स्टँडवर त्याला ढकललं, सायकलची हवा सोडली. पण या वेळी तो वाचनालयात गेला. बोलला नाही, चिठ्ठी लिहून दिली. बाईंनी ती त्याच दुपारी सरांकडे पोचवली आणि त्या मुलांशी एकेकाला वेगळं बसवून बोलणं झालं, वर्गापुढे नाही. त्यातल्या म्होरक्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते. तोही आता माझ्याकडे येतो. त्याच्याबद्दल इथे लिहिणार नाही.

मला खरी आशा वाटते ती हसणाऱ्या मुलांकडून. फिनलंडमध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या पाठबळावर तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी एक कार्यक्रम तयार केला, 2009 पासून तो देशभर पसरला. त्याचा भर नुसतं बघणाऱ्या मुलांवर आहे: हसणारे थांबले की चिडवण्यातली मजा जाते. वर्गशिक्षिकांना मी एवढंच सुचवलं, की महिनाभर हजेरीला सगळ्यांनीच नुसता हात वर करावा. त्याला वेगळी सवलत दिली नाही, सगळ्या वर्गाचीच पद्धत बदलली. बोटं फिरवायला जागाच उरली नाही. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा आपण होऊन त्याच्या बाकावर येऊन बसला.

तो अजून अडखळतो. वाचा-उपचार चालू आहेत. बाटली कधी अर्धी येते, कधी रिकामी.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असा निर्देश दिला. आमच्या तालुक्यातल्या शाळा मी बोटांवर मोजते आणि मग समुपदेशक मोजते, तेव्हा अजून किती चालायचं आहे ते कळतं. पण आई थांबली नाही. ती शाळा व्यवस्थापन समितीत गेली आणि पहिल्याच बैठकीत तक्रारपेटी ऑफिसच्या दारातून हलवून वाचनालयाच्या आत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी लावायला लावली. किल्ली त्या बाईंकडे.

पहिल्या आठवड्यात तीन चिठ्ठ्या निघाल्या. एक वर्गातल्या बंद पंख्याबद्दल होती. एक कोरी. तिसरी पाचवीतल्या एका मुलीची होती. ती वाचून मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी मला फोन केला.