मुलांचं मराठी आणि केप ब्रेटनच्या स्कॉटिश लोकांचं गेलिक

स्नेहलताई, तुम्ही विचारलंय की सांगलीहून सिडनीला (ऑस्ट्रेलियातलं नव्हे, कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावरचं) यायचं पक्कं झालंय, मुलं पाच आणि नऊ वर्षांची आहेत, आणि "तिथले स्कॉटिश लोक म्हणे अडीचशे वर्षं आपली संस्कृती जपून आहेत, मग आपल्याला का नाही जमणार?" त्यांनी बरंच जपलं हे खरं. पण गेलिक ही त्यांची मूळ भाषा जवळजवळ हातची घालवली, आणि तीही स्वतःच्या हाताने. हे जरा सविस्तर सांगते.

आधी तुम्ही फोटोंत बघितलेल्या किल्ट (पुरुषांचा चौकटीचा घागरा) आणि बॅगपाइपबद्दल. ते खोटं नाही, पण वाटतं तेवढं जुनंही नाही. 1746 च्या कायद्याने हायलंड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना तो पोशाख घालायची बंदी झाली, ती उठली 1782 मध्ये. 'प्रत्येक घराण्याचं वेगळं टार्टन' (रंगीत चौकटींचं कापड) हा हिशेब बराचसा एकोणिसाव्या शतकात बसवलेला. तोवर कितीतरी लोक बोटीत बसूनही गेले होते. 'हेक्टर' नावाचं जहाज दोनशेच्या आसपास माणसं घेऊन इथल्या पिक्टू बंदराला लागलं ते 1773 मध्ये. पुढे जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या, तशी 1840 च्या दशकापर्यंत हजारो माणसं केप ब्रेटनला आली. त्यांच्या गाठोड्यात घराण्याचं टार्टन शोधाल तर क्वचितच सापडेल. इथला प्रांताचा टार्टन तर 1950 च्या दशकातला, आणि त्याच सुमाराला पर्यटकांच्या स्वागताला प्रांताच्या सीमेवर बॅगपाइपवाला उभा करायची टूम निघाली. माझा एक सहकारी ग्लासगोहून आलाय. तो हे सगळं बघून हसतो. म्हणतो, आमच्याकडे किल्ट लग्नात भाड्याने आणतात. आपल्याकडचे पाहुणे आमचं बर्फातलं ढोल-ताशा पथक बघून असेच हसतात, तेव्हा मला त्या हसण्याचं फार काही वाटत नाही. याच प्रांतातल्या अँटिगोनिशचे हायलंड गेम्स (स्कॉटिश खेळांचा मेळावा) 1863 पासून चालू आहेत. मिरवायची गोष्ट टिकते, कारण तिला वर्षातून दोन दिवस पुरतात.

भाषेला रोज लागतं. इथे ती टिकली ती आधी वस्तीमुळे. लोक आले ते गावंच्या गावं घेऊन: स्कॉटलंडमधल्या लोखाबरचे इथल्या माबूकडे, 'बारा' (Barra) नावाच्या बेटावरचे आयोना आणि ख्रिसमस आयलंडला, लुईस-हॅरिसचे नॉर्थ शोअरला. शेजारी, चर्च, दुकान, भांडण सगळं गेलिकमधून. आजही इथला म्हातारा माणूस नवीन पोराला आधी नाव विचारत नाही, बाप कोण ते विचारतो. आपलं 'कुणाचा रे तू?' अगदी तेच. निम्मं गाव मॅकडोनाल्ड, मग बापाचं आणि आजाचं नाव जोडल्याशिवाय माणूस ओळखायचा कसा!

मग शाळा आली, तीही इंग्रजीची. गेलिक बोललं म्हणून छड्या खाल्लेली माणसं या बेटावर होऊन गेली. 1890 मध्ये ओटावाच्या सिनेटमध्ये गेलिकला अधिकृत भाषा करायचं विधेयक आलं होतं, ते 42 विरुद्ध 7 मतांनी पडलं. पण सगळा दोष सरकारवर टाकून चालणार नाही. सिडनीच्या खाणीत आणि पोलाद कारखान्यात काम इंग्रजीत, बोस्टनला नोकरी इंग्रजीत. आईबापांनी ठरवलं की पोरांना याचं ओझं नको. आपापसांत गेलिक, मुलांशी इंग्रजी. मुलांपासून काही लपवायचं असलं की हमखास गेलिक.

मी वृद्धाश्रमात काम करते. तिथल्या नव्वदीच्या एक आजी दिवसभर इंग्रजीत बोलतात, टीव्हीवरच्या हॉकीला इंग्रजीत शिव्या घालतात. संध्याकाळी मात्र जपमाळ घेतली की गेलिक. बोटं मण्यांवर, डोळे मिटलेले, आणि ओठांतून ती घोळदार भाषा. त्यांची मुलगी शेजारी बसून चादरीच्या घड्या घालत असते. ती स्वतः सत्तरीला आलेली. एकदा मी तिला विचारलं, आजी काय म्हणतायत? म्हणाली, "आम्हाला कधी शिकवलंच नाही गं. आमच्यासमोर बोलायचे ते फक्त नाताळच्या भेटवस्तूंबद्दल." एका पिढीत गेलं हे. जहाजाने आल्यावर शंभर-दीडशे वर्षं तगलेली भाषा एका स्वयंपाकघरात तीसेक वर्षांत संपली.

आता उलटी बाजू. फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, संपलं नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीने माहितीपट दाखवला की केप ब्रेटनचे फिडलवाले आता नामशेष होणार. लोकांना ते चांगलंच झोंबलं. 1973 मध्ये इथल्या ग्लेनडेल गावी शंभरावर वादक जमवून दाखवले. आज शाळकरी पोरं वाजवतात. बडी मॅकमास्टर हे इथले नावाजलेले वादक, पोटापाण्याला रेल्वेत नोकरी करायचे आणि रात्री नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचे. पुढे स्कॉटलंडने त्यांना शिकवायला बोलावलं, आणि इथला पायाचा नाच शिकायलाही तिकडचे लोक इकडच्यांकडे वळले. का टिकलं? माझ्या मते, कारण ते कुणी 'जपत' नव्हतं. शनिवारी वेस्ट माबूच्या हॉलमध्ये आजी, नातू, गावातला मेकॅनिक असे सगळे नाचतात, आणि मधल्या सुट्टीत चहा पितात. मुलांना तिथे जावंसं वाटतं, ढकलावं लागत नाही.

मिलिंग फ्रॉलिक म्हणून एक प्रकार आहे तो जरूर बघा. ओलं लोकरी कापड टेबलावर सगळ्यांनी मिळून आपटायचं आणि आपटण्याच्या तालावर गेलिक गाणी म्हणायची. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच. फरक एवढा की चक्की आली आणि आपण जात्याबरोबर ओव्याही सोडल्या. यांनी गिरणीचं कापड आल्यावरही टेबलाभोवती बसणं सोडलं नाही. कापड आता तेच तेच, वर्षानुवर्षं आपटून मऊसूत झालेलं. पण त्या गाण्यांनीच कित्येक तरुणांना भाषेकडे परत आणलं. 2006 मध्ये प्रांत सरकारने गेलिकसाठी वेगळं कार्यालय काढलं, 2021 मध्ये माबूत गेलिक माध्यमाची छोटी प्राथमिक शाळा सुरू झाली. बोलणारे सगळे मिळून दोनेक हजार असतील, बहुतेक मोठेपणी शिकलेले. गेलेलं परत आणायला किती घाम गाळावा लागतो ते इथे डोळ्यांनी दिसतं.

म्हणून तुमच्या मुलांबद्दल: गणपतीची काळजी करू नका, तो राहील. मॉरिशसला बघा, मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात गेली, घरची बोली क्रिओल झाली, तरी गणेश चतुर्थीला आजही राष्ट्रीय सुट्टी आहे. काळजी करायची ती जेवणाच्या टेबलाची. धाकटा सहा महिन्यांत इंग्रजीतून उत्तरं द्यायला लागेल. तेव्हा तुम्ही मराठीतच बोलत राहा, न रागावता, भाषण न देता. मोठी मुलगी त्याच्याशी काय बोलते त्यावर निम्मा खेळ आहे. ती बदलली की घर बदललं. आजी-आजोबांना सांगा, व्हिडिओ कॉलवर मोडकं इंग्रजी बोलून नातवंडांचे लाड करू नका. रविवारच्या मराठी शाळेवर फार भिस्त ठेवू नका. त्यापेक्षा दोन-तीन मराठी घरं धरा, जिथे मुलं पत्ते खेळतील, भांडतील, एकमेकांच्या चुगल्या करतील, आणि ते सगळं मराठीत. सिडनीत आता युनिव्हर्सिटीमुळे भारतीय मुलं भरपूर आहेत, त्यात मराठीही सापडतात.

आणि मुलांना इथलं फिडल नाहीतर नाच जरूर शिकवा, मराठीच्या आड ते येत नाही. ऑक्टोबरच्या आधी पोचलात तर सेल्टिक कलर्स हा संगीत महोत्सव मिळेल. गावोगावच्या हॉलमध्ये कार्यक्रम असतात, तिकिटं लवकर काढा.

पेटी आणावी का, असंही विचारलंत. आणा, इथे चांगली मिळत नाही. पण हिवाळ्यात हीटरने घरातली हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं. खोलीत ह्युमिडिफायर ठेवा आणि पेटी हीटरपासून लांब, आतल्या भिंतीला लावून ठेवा.