पुतण्याच्या नंबरवर खातं उघडू नका

"आई भांडुपला एकटी असते. घराच्या सुरक्षेची, स्वतः लावायची तीन किटं (कॅमेरे, सायरन वगैरे) निवडून ठेवलीत, कोणतं घेऊ? लावून द्यायला पुतण्या आहे, त्याच्याच फोनवर सगळं सुरू करणार," असं तुम्ही लिहिलंय. किटचं नंतर बघू. ते शेवटचं वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला, म्हणून हे लांबण लावतेय.

आमचं घर दहिसरला, दुसऱ्या मजल्यावर. 2021 साली माझ्या भाच्याने दोन कॅमेरे, दार उघडलं की कळवणारे दोन सेन्सर, सायरन आणि त्यांना जोडणारा डबा, म्हणजे हब, आणून दिला. जेवण झाल्यावर बसला आणि चहाच्या वेळेपर्यंत सगळं लागलंसुद्धा. वायरमन नाही, भिंतीला भोक नाही. माझ्या फोनवर त्याने ते "शेअर" केलं, मी खूश. ॲपचं खातं त्याच्या नंबरवर आहे हे मला माहीत होतं, पण त्यात वावगं काही वाटलं नाही. आणि मी कोण, तर बँकेत 31 वर्षं काउंटरवर बसलेली बाई. "आजी, खात्याला मुलाचा नंबर नको, तुमचा द्या," हे मी दिवसातून दहा वेळा सांगायचे!

भाचा शिकायला जर्मनीला गेला. इथलं सिम रिचार्ज करायचं राहून गेलं. 90 दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला देते. तरी घरातलं सगळं चालू होतं, कारण त्याच्या फोनवर ॲप आधीपासून उघडलेलं होतं. मग एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. त्याने फोन बदलला आणि आम्ही इंटरनेटवाला बदलला. नवा राउटर, वायफायला नवं नाव, कॅमेरे ऑफलाइन. वायफाय बदलायचा हक्क फक्त मूळ खात्याला. माझ्यासारख्या शेअरवाल्याने नुसतं बघायचं.

इथे मी शहाणपणा केला. टाचणी घेतली आणि कॅमेऱ्याचं रीसेटचं बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला, ॲपने सगळं विचारलं आणि शेवटी सांगितलं, हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे. रीसेटने कॅमेऱ्यातलं वायफाय पुसलं जातं, पण बऱ्याच कंपन्यांकडे मालकाची नोंद त्यांच्या सर्व्हरवर असते, ती तशीच राहते. हे मुद्दाम केलेलं असतं, कॅमेरा चोरला तर चोराला वापरता येऊ नये म्हणून. माझ्या घरात चोर मीच ठरले.

खरं तर काम पाच मिनिटांचं होतं. नव्या राउटरच्या वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा, अक्षर न अक्षर तेच, आणि 2.4 गिगाहर्ट्झ (असे बरेच कॅमेरे वायफायच्या याच पट्ट्यावर चालतात) चालू ठेवायचं. कॅमेऱ्यांना राउटर बदलल्याचा पत्ताही लागत नाही. हे मला केबलवाल्याच्या पोराने तीन महिन्यांनी सांगितलं.

मधल्या काळात काय केलं ते ऐका. भाचा तिकडून लॉगइन करायला गेला की ओटीपी त्याच्या जुन्या नंबरवर. शेवटी मीच तो नंबर फिरवला. नालासोपाऱ्याचे एक भाजीवाले निघाले. म्हणाले, "काकू, आठवडाभर हे आकडे येतायत. मला वाटलं कुणीतरी फसवतंय." मी म्हटलं, आता जो येईल तो तेवढा सांगा. ते म्हणाले, "ओटीपी कुणाला सांगू नका असं बँकवालेच सांगतात ना?" मी काय बोलणार! फोन ठेवला.

मग कंपनीचं सेवा केंद्र. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. त्यांना हवं होतं भाच्याच्या नावाचं बिल आणि खोक्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो. खोका रद्दीत गेलेला. बिल ऑनलाइन दुकानाच्या खात्यात, आणि ते खातंही त्याच जुन्या नंबरवर. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो पाठवला, तो "अस्पष्ट". भिंग लावून पुन्हा काढला, तर तक्रार "ग्राहकाकडून प्रतिसाद नाही" म्हणून बंद. असं तीनदा. बँकेत आम्ही असं वागलो असतो तर लोकांनी काउंटर उलटवला असता.

आणि हब? त्याला मी हात लावला नव्हता, त्यामुळे भाच्याने ठरवून दिल्याप्रमाणे तो रात्री 11 ला इमानेइतबारे पहाऱ्यावर बसायचा. इंटरनेट नसलं तरी सेन्सर आणि सायरनचं आपसात जमतं. पहाटे मी दुधाच्या पिशव्या घ्यायला दार उघडलं आणि तो असा किंचाळला की खालचे काका काठी घेऊन वर आले. प्लग काढला तर आत बॅटरी. गोधडीत गुंडाळून कपाटात कोंबला.

म्हणून माझं मत (मी तंत्रज्ञ नाही, चूक असेल तर जाणकारांनी सांगावं): कंपनी कोणती हा दुय्यम प्रश्न आहे. खातं आईच्या नंबरवर आणि आईच्या ईमेलवर उघडा, पुतण्याला "शेअर" करा. उलट नको. कीपॅड किंवा छोटा रिमोट असलेलं किट घ्या, म्हणजे फोन हातात नसताना सायरन बंद करता येईल. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाका, नाहीतर मागचं रेकॉर्डिंग बघायला दर महिन्याला पैसे भरत बसाल. 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणीची अट आहे, ती झालेली आहे का तेही विचारा.

राउटरला छोटा यूपीएस लावाच. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, आठवतंय ना? तेवढं लांब कशाला, जुन्या इमारतींत मीटरची खोली खाली उघडीच असते, कुणीही खटका पाडावा.

सेन्सर लाकडी दारावर लावा, बाहेरच्या लोखंडी जाळीवर नको, लोखंडाने त्याच्या चुंबकाची गडबड होते. खिडकीकडे तोंड करून कॅमेरा ठेवलात तर दिवसभर कबुतरांच्या सूचना येतील. पॅसेजमध्ये लावायचा असेल तर सोसायटीला लेखी विचारा आणि समोरच्यांचं दार त्यात येऊ देऊ नका. आमच्याकडे त्यावरून दोन सभा झाल्या, तो किस्सा वेगळाच. आणि चांगलं कुलूप आधी. आमच्या दाराला अजून गोदरेजचं नवताल आहे, त्याने मला कधी ओटीपी मागितला नाही.

तिन्ही किटांची नावं कळवा, बघून सांगते. पण त्याआधी एक करा. आईच्या फोनमधलं सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा. माझं, नंतर कळलं, भाच्याच्याच आधार कार्डावर होतं.