एकटीनं गाडी घेऊन निघावं का?

प्रश्न : मावशी, मी एकोणतीस वर्षांची. ऐरोलीला राहते, महापेला नोकरी करते. दीडशे सीसीची मोटरसायकल चार वर्षं रोज चालवतेय. डिसेंबरात चिपळूणला मामेबहिणीचं लग्न आहे. दोन मैत्रिणी बरोबर येणार होत्या, दोघींनीही माघार घेतली. आता एकटीनंच जायचं ठरवलंय. शुक्रवारी रात्री शिफ्ट संपवून साडेदहाला निघाले, तर रस्ता मोकळा मिळेल आणि शनिवारी हळदीला हजर असेन. आई म्हणते, तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढ, गाडीचं नावही काढू नकोस. एवढा धोका पत्करण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : एकटी जा. शुक्रवारी रात्री मात्र निघू नकोस.

वाशीतल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मी बावीस वर्षं परिचारिका होते. पहाटे चारच्या सुमारास रुग्णवाहिका आली, की सोबतच्या माणसाला मी विचारायचे, निघाला कधी होतात? उत्तर पुष्कळदा तेच यायचं. दिवसभर काम केलं, जेवलो आणि रस्ता मोकळा मिळेल म्हणून रात्री निघालो. तुझ्या पत्रात तेच वाक्य वाचलं आणि पोटात कालवलं. पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतंच, मग तू कितीही चहा पी. ताशी साठच्या वेगानं तीन सेकंद डोळे मिटले तर गाडी पन्नास मीटर पुढे गेलेली असते. मागे कोणी बसलेलं असलं तर खांद्यावर थाप तरी मारतं.

हे सगळं माहीत असूनही मी एकदा चुकले. मार्च २००९. रात्रपाळी संपवून घरीसुद्धा न जाता स्कूटरनं नागोठण्याला माहेरी निघाले होते. पेण मागे पडलं, ऊन चढलं आणि वडखळच्या अलीकडे डोळा लागला. रस्त्याच्या कडेला खडीत पडले, कॉलर बोन मोडलं. पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला बसलेली एक बाई धावत आली. ती पुन्हा पुन्हा नाव विचारत होती आणि मला ते सांगता येत नव्हतं. फोन फुटला होता, पाकीट डिकीत होतं. माळा तशाच टाकून तिनं मला मिनीडोर रिक्षात घातलं आणि पेणच्या दवाखान्यापर्यंत स्वतः आली. घरच्यांना कळायला संध्याकाळ झाली.

त्या दिवशी खडीत पडल्या पडल्या मला एक गोष्ट समजली. एकटीच्या प्रवासात दोन माणसं कमी असतात : ‘आता थांब’ म्हणणारं आणि आपलं नाव सांगणारं. त्या दोघांची सोय घरूनच करून निघायचं. ती केली असेल तर एकटीनं जाण्यात मला काही गैर वाटत नाही. हात बरा झाल्यावर मीही गेले, वडखळवरूनच गेले.

थांबण्याच्या जागा आदल्या दिवशी कागदावर लिही : पेण, माणगाव, पोलादपूर. दमणूक जाणवो न जाणवो, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं उतरायचं, पाणी प्यायचं, आईला फोन करायचा. दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे शेवटी कळतं, म्हणून त्या वेळच्या मनावर हे सोडू नकोस. नावासाठी एक साधी चिठ्ठी कर. नाव, रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी, दोन माणसांचे नंबर. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जाकिटाच्या वरच्या खिशात ठेव. बेशुद्ध माणसाचा फोन उघडत नाही म्हणून आम्ही कितीदा खोळंबलोय! हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांध. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पडतं, हे मी फार वेळा पाहिलंय. ११२ आणि १०८ हे नंबर पाठ असू देत.

रस्त्यात कोणी मदत करील का, ही भीती आईला असणार. पूर्वी लोक पोलिसांच्या लचांडाला घाबरून लांब उभे राहत. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्‌भावनेनं जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, त्याला स्वतःचं नाव सांगण्याचीही सक्ती नाही. हे आईला वाचून दाखव. बाईमाणूस म्हणून असलेली भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. तिच्यावर माझा उपाय एकच होता. उजेडात प्रवास आणि थांबायचं ते एसटी स्टँडजवळ किंवा वर्दळीच्या पंपावर, एकाकी टपरीवर कधीच नाही.

आता वेळेचं. शुक्रवारची रजा काढ आणि उजाडल्यावर निघ. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, तू चारच्या आत चिपळुणात हवीस. पळस्प्याहून पुढे कर्नाळ्याच्या वळणांवर घाई नको. कशेडीच्या बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढ, उन्हातून आत जाताना डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही. लोट्याच्या पुढे परशुराम घाटात ट्रक पुढे असेल तर असू दे, त्याच्या मागूनच उतर.

रजा मिळत नसेल तर आईचं ऐक. ठाण्याहून तुतारी पकड आणि झोपून जा. हळदीची वेळ गाठायचीच आहे, हे ओझं डोक्यावर असलेल्या माणसानं हँडल धरू नये असं मला मनापासून वाटतं. लग्न होऊन जाईल, चिपळूण तिथंच आहे. जानेवारीत काही निमित्त नसताना गाडीनं जा. वाटलं तर माणगावहून परत फिरता येईल, कोणी वाट बघत नसेल.

आणि गाडीनं गेलीसच, तर परतीच्या दिवशी मामीकडे दुपारी मासे-भात जेवून निघू नकोस. सकाळी नाश्ता करून निघ, जेवणाचा डबा बांधून घे आणि महाडला थांबून खा. घरी पोहोचलीस की मला दोन ओळी लिही. मी वाट बघेन.